शिकवण्याची कारकीर्द : लाइपझिगच्या चेलो-वर्गाची साक्ष



ही व्याख्यानमाला एका शिक्षकाच्या स्मरणार्थ चालते. तेव्हा आज मी शिक्षकांविषयीच बोलणार आहे. मात्र ते शिक्षक आपल्या ओळखीचे नाहीत. जर्मनीतल्या लाइपझिग शहराच्या संगीत-विद्यालयात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून १९३३ पर्यंत ज्यांनी चेलो शिकवला, त्यांच्या कारकिर्दी मी आपल्यापुढे ठेवणार आहे. इतक्या दूरचे उदाहरण घेण्याला कारण आहे. कलेच्या शिक्षकाविषयी आपल्या मनात एक समजूत पक्की बसलेली असते. ज्याला मैफल गाजवता येते तो मैफल गाजवतो, ज्याला ते जमत नाही किंवा ज्याचे वय झाले तो शिकवण्या धरतो, अशी ती समजूत. कोणी ती उघड बोलून दाखवत नाही. पण शिक्षकाला किती मोबदला द्यायचा, त्याला सभेत कुठल्या रांगेत बसवायचे आणि मृत्युलेखात त्याच्या शिकवण्याला किती ओळी द्यायच्या, हे तीच ठरवते. माझे म्हणणे असे की ही समजूत खोटी आहे, आणि ती खोटी असल्याचा पुरावा लाइपझिगच्या एका वर्गात सापडतो. शिकवणे ही वादनातून उरलेल्या वेळाची सोय नव्हे. ती स्वतंत्र कारकीर्द आहे. पण ती केवळ गुणावर उभी राहत नाही. तिला संस्थेने दिलेले स्थैर्य लागते. ते स्थैर्य मिळाले तर काय होते आणि काढून घेतले तर काय होते, हे दोन्ही या एकाच शहराच्या इतिहासात दिसते.

आधी वाद्याविषयी थोडे. चेलो आपण सगळ्यांनी ऐकलेला आहे, भले नावाने ओळखत नसू; जुन्या हिंदी चित्रपटगीतांच्या वाद्यवृंदात खालून येणारा तो भरदार, माणसाच्या आवाजाजवळचा सूर पुष्कळदा त्याचा असतो. व्हायोलिन हनुवटीखाली धरतात. चेलो दोन गुडघ्यांमध्ये, खालची टोकदार दांडी जमिनीवर रोवून, खुर्चीत बसून वाजवतात. खालच्या सुरांत डाव्या हाताचा अंगठा वाद्याच्या मानेमागे असतो आणि चार बोटे तारांवर फिरतात. सूर वर जाऊ लागले की हा अंगठा मागून निघून पुढे येतो आणि आडवा तारांवरच बसतो. त्या क्षणी हाताचा सगळा तोल बदलतो. अंगठ्याच्या कडेची कातडी सुरुवातीला सोलवटते, मग तिथे घट्टा पडतो. आणि दुखते म्हणून खांदा नकळत वर चढतो. खांदा चढला की गज धरलेला दुसरा हातही आखडतो आणि सूर खरखरीत होतो. विद्यार्थ्याला ऐकू येते ती खरखर. तिचे मूळ डाव्या खांद्यात आहे हे त्याला कळत नाही. समोर बसलेल्या माणसालाच ते दिसते, तेही त्याने असे शंभर खांदे पाहिलेले असतील तर. हे ज्ञान पुस्तकात मावत नाही, आणि उत्तम वादकाकडे ते असतेच असेही नाही. कारण उत्तम वादकाने एकच खांदा जवळून ओळखलेला असतो, स्वतःचा. शिकवण्याचे कौशल्य वादनाच्या कौशल्याहून वेगळे आहे, हे म्हणायला इथूनच आधार मिळतो.

आता संस्थेकडे वळू. लाइपझिगची कॉन्झर्व्हेटरी संगीतकार फेलिक्स मेंडेल्सोन यांच्या पुढाकाराने एप्रिल १८४३ मध्ये सुरू झाली. तिला पैसा कुठून आला हे मुद्दाम पाहण्यासारखे आहे. हाइनरिख ब्ल्यूमनर या लाइपझिगच्या न्यायाधिकाऱ्याने मृत्यूपूर्वी २०,००० थालर कला किंवा विद्येच्या एखाद्या संस्थेसाठी सॅक्सनीच्या राजाच्या हवाली ठेवले होते. ती रक्कम संगीत-विद्यालयाला मिळावी म्हणून मेंडेल्सोन यांनी अर्ज केला आणि तो मान्य झाला. शिक्षकांत रॉबर्ट शूमान होते, व्हायोलिनसाठी फर्डिनांड डाव्हिड, संगीतशास्त्रासाठी मोरित्झ हाउप्टमान. पण या नामावळीपेक्षा महत्त्वाची होती ती रचना. शहरात गेवांडहाउस हा नामांकित वाद्यवृंद आधीपासून होता. मेंडेल्सोन त्याचे संचालक, डाव्हिड त्याचे प्रमुख व्हायोलिनवादक. विद्यालयाने वाद्यांचे शिक्षक मुख्यतः याच वाद्यवृंदातून घेतले. त्यामुळे एकाच माणसाकडे दोन जागा आल्या : वाद्यवृंदातली पहिली खुर्ची आणि विद्यालयातला वर्ग. जो सकाळी तालमीत वाजवतो तोच शिकवतो, आणि त्याचा चरितार्थ एखाद्या श्रीमंत शिष्याच्या लहरीवर किंवा हंगामी मैफलींवर अवलंबून राहत नाही. दरबारी वादक आणि घरोघर जाऊन शिकवण्या करणारा मास्तर या दोघांहून वेगळा, असा एक तिसरा व्यवसाय इथे आकाराला आला.

पण रचना उभी राहिली म्हणून तिची फळे लगेच लागली नाहीत. पहिल्या काही दशकांत चेलोची ही खुर्ची म्हणजे मुक्कामाची जागा नव्हती, वाटेवरचे ठाणे होते. १८५० च्या सुमारास फ्रीडरिख ग्रुट्झमाखर तिथे बसले आणि १८६० मध्ये ड्रेस्डेनला गेले. त्यांच्यामागून आले कार्ल डाव्हिडोव. मॉस्को विद्यापीठातून गणित शिकलेला हा तरुण रचनाकार व्हायला लाइपझिगला आला होता. चेलोवादक म्हणून अचानक गाजला, दोन वर्षे ही जागा सांभाळली आणि १८६२ मध्ये रशियाला परतला. पुढे सेंट पीटर्सबर्गच्या कॉन्झर्व्हेटरीत त्याने चेलोची रशियन परंपराच घडवली आणि १८७६ पासून तो त्या संस्थेचा संचालकही झाला. १८६६ मध्ये एमिल हेगार आले. त्यांच्या हाताच्या नसांचा विकार बळावला, चेलो सोडावा लागला, आणि ते गाण्याकडे वळून बासेलला गायन शिकवू लागले. १८७४ मध्ये कार्ल श्रोडर आले, तेही १८८१ मध्ये सोंडर्सहाउसेनला दरबारी वाद्यवृंदाचे संचालक होऊन गेले. आणखीही एक-दोन नावे मध्ये येतात; ही चार पुरेत. चौघेही कसलेले. चौघांनीही चांगले विद्यार्थी तयार केले. पण इथला चेलो-वर्ग म्हणून जगाला ओळख पटावी असे काही त्या तीस वर्षांत साचले नाही, कारण साचायला वेळच मिळाला नाही. प्रत्येक नव्या शिक्षकाबरोबर बोटांची नवी पद्धत आली, अभ्यासाचा नवा क्रम आला आणि तो मुरण्याआधीच माणूस गेला.

१८८१ मध्ये या खुर्चीवर यूलियस क्लेंगेल बसले. ते लाइपझिगचेच, १८५९ मध्ये जन्मलेले, हेगार यांचे शिष्य. पंधराव्या वर्षी, १८७४ मध्ये, ते गेवांडहाउसच्या वाद्यवृंदात दाखल झाले होते. बाविसाव्या वर्षी ते चेलो-विभागाचे प्रमुख झाले आणि विद्यालयात शिकवूही लागले. वाद्यवृंदातली खुर्ची त्यांनी १९२४ मध्ये, पन्नास वर्षांच्या सेवेनंतर, सोडली. वर्ग मात्र सोडला नाही. १९३३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते शिकवत राहिले. म्हणजे शिकवण्याची बावन्न वर्षे, एका शहरात, एका संस्थेत. या काळात त्यांनी दौरे केले, चेलोसाठी पुष्कळ रचना केल्या, सगळ्या स्वरपट्ट्यांतून हाताला फिरवणारे तांत्रिक अभ्यास लिहिले. १९२० मध्ये गेवांडहाउसचे संचालक आर्थर निकिश यांच्या पासष्टाव्या वाढदिवसासाठी त्यांनी बारा चेलोंसाठी एक स्तवन रचले. या शेवटच्या गोष्टीकडे जरा नीट पाहावे. बारा चेलो, बारा वेगळे भाग आणि दुसरे कोणतेही वाद्य नाही. अशी रचना सुचायला नुसती प्रतिभा पुरत नाही. एकमेकांचा सूर ओळखणारे चेलोवादक डझनाने हाताशी असावे लागतात. शिकवणे जिथे दिवसाचे मुख्य काम झालेले आहे तिथेच असे सुचते, आणि लगेच वाजवूनही घेता येते. ही रचना आज जगभर चेलोवादक एकत्र जमले की वाजवली जाते. शिक्षकाच्या कारकिर्दीतून जन्मलेली ही कलाकृती. नुसत्या मैफलवादकाच्या कारकिर्दीत ती जन्मली नसती.

क्लेंगेल यांच्या वर्गाची खूण म्हणजे त्यांचे शिष्य एकमेकांसारखे नव्हते. गिल्हेर्मिना सुजिया ही पोर्तुगीज मुलगी १९०१ मध्ये सोळाव्या वर्षी पोर्तुगालच्या राणीच्या शिष्यवृत्तीवर त्यांच्याकडे आली. चित्रकार ऑगस्टस जॉन यांनी रंगवलेले तिचे चित्र लंडनच्या टेट संग्रहालयाकडे आहे : लाल पायघोळ झगा, मान मागे टाकलेली, गज धरलेला हात लांबवर पसरलेला. मंचावर येण्यातच तिचे अर्धे वादन होते. पॉल ग्रुमर यांनी बुश चौकडीत वादन केले, जुन्या व्हिओला द गांबा वाद्याला पुन्हा हात घातला, आणि नंतर वाद्यवृंद-संचालक म्हणून नावाजलेल्या निकोलाउस हार्नोनकूर यांना चेलो शिकवला. एमान्युएल फॉयरमान १९१७ मध्ये आला, पंधरा वर्षांचा. त्याच्या वादनातली स्वच्छता आजही चेलोवादकांना धडकी भरवते. ग्रेगोर प्यातिगोर्स्की रशियातून पळून आलेला, भावनेत वाहणारा, मंचावर गोष्ट सांगावी तसा वाजवणारा. विल्यम प्लीथ हा इंग्रज मुलगा तेराव्या वर्षी आला, तेव्हा गुरूने सत्तरी गाठलेली होती. या पाचांची ध्वनिमुद्रणे किंवा वर्णने शेजारी ठेवली तर एका गुरूची ही माणसे असे कोणी सांगू शकणार नाही. प्लीथ यांनी आपल्या गुरूविषयी जे सांगून ठेवले आहे त्याचे सारही हेच, की विद्यार्थी वेगवेगळे वाजवतात यात त्यांना आनंद होता. त्याच काळात बर्लिनला हूगो बेकर शिकवत होते. त्यांनी १९२९ मध्ये डागो रिनार या वैद्यकाच्या मदतीने चेलोवादनाच्या यांत्रिकीवर आणि सौंदर्यावर जाडजूड ग्रंथ काढला. हाताच्या प्रत्येक हालचालीचे कारण सांगणारा. प्यातिगोर्स्की आधी त्यांच्याकडेच गेला होता, तिथे जमले नाही म्हणून लाइपझिगला आला. बेकर यांचे काम मोलाचे आहे, यात वाद नाही. पण हालचालीचे नियम पक्के करणे आणि विद्यार्थ्याला त्याच्या स्वतःच्या सुरापर्यंत पोचवणे ही दोन कामे वेगळी आहेत, आणि दुसऱ्याला अधिक धीर लागतो. ज्याला पुढच्या वर्षी आपली जागा राहील की नाही याची शाश्वती नाही, त्याला हा धीर परवडत नाही. त्याला झटपट दाखवता येईल असा निकाल हवा असतो, आणि झटपट निकालाचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे आपली नक्कल करून घेणे.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. फॉयरमान क्लेंगेलकडे आला तेव्हा व्हिएन्नात आंटोन वॉल्टर यांच्याकडे शिकून चांगला तयार झालेला होता. प्यातिगोर्स्की पोरवयातच मॉस्कोच्या बोल्शॉय नाट्यगृहात चेलो वाजवून आला होता, आणि मॉस्कोतले त्याचे शिक्षक आल्फ्रेड फॉन ग्लेन हे डाव्हिडोवचे शिष्य. मग या शिष्यांचे श्रेय गुरूला कसे? नामांकित वर्गाकडे नामांकित होऊ घातलेली मुले आपोआप येतात. ती कुठेही गेली असती तरी मोठी झाली असती. या आक्षेपाला दोन उत्तरे आहेत. पहिले असे की तयार मुलगा हाताशी येणे हे शिक्षकासाठी सोपे काम नसून अवघड काम आहे. कच्च्या मुलाला काहीही दिले तरी त्याचा लाभ होतो. तयार मुलाला चुकीचे काही दिले तर असलेलेही बिघडते. बेकर यांच्या वर्गात प्यातिगोर्स्की टिकला नाही आणि क्लेंगेलकडे टिकला, हा फरक त्या मुलाच्या प्रतिभेने समजावता येत नाही, कारण प्रतिभा दोन्हीकडे तीच होती. दुसरे उत्तर पुढच्या पिढीत आहे. प्लीथ यांनी लंडनच्या गिल्डहॉल विद्यालयात १९४८ पासून तीस वर्षे शिकवले. त्यांच्याकडे दहाव्या वर्षी जॅकलिन द्यू प्रे आली आणि विसाव्या शतकातल्या सर्वांत ओळखीच्या चेलोवादकांपैकी एक झाली. गुरूसारखी अजिबात न वाजवणारी. शिष्याकडे आलेली ही शिकवण्याची रीत, शिष्याच्या स्वतःच्या वाटेची भीती न बाळगणारी, ही काही जन्मजात प्रतिभेने येत नाही. ती वर्गात बसून पाहावी लागते. शिवाय याच मुलीच्या बाबतीत आणखी एक धागा जुळतो. सुजिया १९५० मध्ये वारल्या तेव्हा आपला स्ट्रॅडिव्हेरियस चेलो विकून त्या पैशांतून तरुण चेलोवादकांना मदत करावी असे त्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेवले होते. १९५६ मध्ये या निधीतला पुरस्कार मिळाला तो अकरा वर्षांच्या द्यू प्रेला. क्लेंगेलच्या एका शिष्याने तिला शिकवले, दुसऱ्या शिष्येच्या पैशांनी त्या शिक्षणाला हातभार लावला. सुजिया ज्या काळात शिकल्या त्या काळात गेवांडहाउससारख्या वाद्यवृंदात बाईला खुर्ची मिळत नव्हती, म्हणजे गुरूची कारकीर्द ज्या जोडपदावर उभी होती ते पद शिष्येला बंद होते. तरी परंपरेत तिचा वाटा राहिला, तो तिने दुसऱ्या मार्गाने दिला.

दुसरा आक्षेप स्थैर्यावरच बोट ठेवतो. एका जागी पन्नास वर्षे बसलेला माणूस साचत नाही कशावरून? लाइपझिगवर तर हा आरोप त्या काळीही झाला होता. नॉर्वेचे संगीतकार एडवर्ड ग्रीग १८५८ ते १८६२ या काळात तिथे शिकले आणि नंतर त्या विद्यालयाविषयी कडवट बोलत राहिले. जुन्याला धरून बसणारी, नव्याकडे पाठ फिरवणारी संस्था असे तिचे नाव झाले होते. कायम नोकरी म्हणजे सुस्ती, हे आपल्याकडच्या कार्यालयांतही आपण पाहतो. आक्षेप खरा आहे, म्हणून माझा मुद्दा नेमका करून सांगतो. स्थैर्य पुरेसे आहे असे मी म्हणत नाही. ते आवश्यक आहे असे म्हणतो. सुस्तीवरचा उतारा अस्थैर्य हा नसतो, उघडेपणा हा असतो. क्लेंगेल यांच्या बाबतीत हा उघडेपणा दोन वाटांनी आला. त्यांचा वर्ग एकांतातला नव्हता. विद्यार्थी एकमेकांचे धडे ऐकत बसत, त्यामुळे गुरूचे प्रत्येक बोलणे दहा कानांवरून तपासून जाई. आणि त्यांची दुसरी जागा वाद्यवृंदात होती. तिथे ते आधी कार्ल राइनेके यांच्या हाताखाली बसले, १८९५ पासून निकिश यांच्या, आणि अखेरची दोन वर्षे तरुण फुर्टव्हेंगलर यांच्या. तीन पिढ्यांचे तीन संचालक, प्रत्येकाची आवड वेगळी, प्रत्येकाबरोबर पुढ्यात येणारे संगीत वेगळे. स्वतः रोज दुसऱ्याच्या इशाऱ्यावर वाजवणारा माणूस वर्गात हुकूमशहा होणे अवघड असते. ही जोडजागा रिकामी होऊन नुसती प्राध्यापकी उरली असती, तर साचण्याचा धोका नक्कीच वाढला असता. मेंडेल्सोन यांच्या रचनेचे शहाणपण इथे आहे : तिने शिक्षकाला स्थिर केले, पण निवांत केले नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, कारण तो इतिहासानेच घेतला. शिक्षकाची कारकीर्द संस्थेवर उभी केली की संस्था ज्याच्या हाती जाईल त्याच्या हाती शिक्षकही जातो. फॉयरमान १९२९ मध्ये बर्लिनच्या संगीत-विद्यालयात बेकर यांच्या जागी प्राध्यापक झाला. चार वर्षांत, एप्रिल १९३३ मध्ये, तो ज्यू आहे एवढ्या कारणाने नाझी राजवटीने त्याला काढून टाकले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये क्लेंगेल वारले. आणि लाइपझिगमध्ये १९३६ च्या नोव्हेंबरात, ज्यांनी विद्यालय काढले त्या मेंडेल्सोन यांचा पुतळा गेवांडहाउससमोरून उखडून नेला गेला; तेव्हाचे महापौर गोर्डेलर यांनी पद सोडले. पुतळा पुन्हा उभारला गेला तो २००८ मध्ये. हे सगळे समोर ठेवल्यावर ‘संस्था शिक्षकाला सांभाळते’ असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. संस्था सांभाळू शकते तशी हाकलूही शकते. पण यातून निघणारा निष्कर्ष संस्थाच नको असा नाही. फॉयरमान अमेरिकेत गेला, फिलाडेल्फियाच्या कर्टिस इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागला आणि १९४२ मध्ये अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी वारला. त्याची जागा घ्यायला आला प्यातिगोर्स्की. पुढे १९६२ पासून १९७६ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकवत राहिला. लाइपझिगचा वर्ग मोडला, पण त्याने घडवलेली माणसे दुसऱ्या देशातल्या दुसऱ्या विद्यालयांत पुन्हा वर्ग उघडून बसली. त्यांना तसे बसता आले कारण ती विद्यालये होती, तिथे जागा होत्या आणि त्या जागांना पगार होता. निर्वासिताला परंपरा सोबत नेता येते. ती रुजवायला मात्र कोणीतरी जमीन द्यावी लागते. म्हणून निष्कर्ष एवढाच, की शिक्षकाचे स्थैर्य चालकाच्या मर्जीवर नको, कायद्याच्या आधाराने हवे.

आपल्यापैकी काहींच्या मनात एव्हाना आले असेल की हे सगळे तिकडचे. आपल्याकडे गुरुकुलाची परंपरा, तिथे गुरू म्हणजे जागा नव्हे, पगार नव्हे. पण आपलाच इतिहास याला पुरता दुजोरा देत नाही. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, ते गुरूचे घर आणि शिष्याचे दास्य यांच्या पलीकडे संगीत नेण्यासाठीच. त्यांच्या शिष्यांनी महाराष्ट्रात गावोगाव शाळा काढल्या. त्यांतले प्रा. बी. आर. देवधर यांनी १९२५ मध्ये मुंबईत संगीतशाळा सुरू केली आणि तिथे, त्या शाळेच्या रोजच्या वातावरणात, कुमार गंधर्व घडले. गुरूची गायकी न गिरवता स्वतःची वाट काढणारे. देवधरांकडे निरनिराळ्या घराण्यांच्या गवयांची ये-जा असे, विद्यार्थी ते ऐकत. शाळा, स्थिर गुरू, उघडा वर्ग आणि गुरूपेक्षा वेगळा निघालेला शिष्य : हे चित्र लाइपझिगच्या चित्रापासून फार दूर नाही. त्याचबरोबर हेही आठवावे, की पलुस्करांनी कर्ज काढून मुंबईत उभारलेली विद्यालयाची इमारत पुढे त्या कर्जापायी लिलावात गेली. ब्ल्यूमनरचे २०,००० थालर ज्याला मिळाले नाहीत त्याची निष्ठा कमी नव्हती. पाठीशी पैसा नव्हता.

आणि आता आजच्याकडे. क्लेंगेल यांच्या देशात आज संगीत-महाविद्यालयांतले बरेचसे शिकवणे तासावर पैसे घेणाऱ्या शिक्षकांकडून होते. आपल्या महाविद्यालयांत ज्यांना आपण तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक म्हणतो, तेच हे. सुट्टीत मोबदला नाही, पुढच्या सत्राची हमी नाही. गावोगावच्या नगरपालिकांच्या संगीतशाळांतही हीच रीत पडली होती. हेरेनबर्ग या गावातल्या अशाच एका संगीतशिक्षिकेचे प्रकरण जर्मनीच्या सर्वोच्च सामाजिक न्यायालयात गेले आणि २०२२ च्या जूनमध्ये न्यायालयाने ठरवले की ती स्वतंत्र व्यावसायिक नसून शाळेची कर्मचारीच आहे, तेव्हा तिच्या सामाजिक विम्याची जबाबदारी शाळेवर येते. त्या निकालाने देशभरच्या संगीतशाळा हादरल्या. शिक्षकांना नोकरीत घ्यायचे तर पैसा कुठून आणायचा, अशी ओरड झाली. त्या ओरडीत तथ्य आहे. पण तिचा अर्थ नीट वाचला तर असा होतो, की शिक्षकाच्या असुरक्षिततेतून निघालेल्या बचतीवर शाळा चालत होत्या. चांगला वादक तासावर शिकवायला मिळतो, मग त्याला कायम कशाला ठेवायचे, असे म्हणणारा व्यवस्थापक १८५० ते १८८१ या काळातले लाइपझिग परत आणत असतो : कसलेली माणसे येतील, चांगली शिकवतील आणि काही साचण्याआधी निघून जातील.

याच्या उलट उदाहरणही विसाव्या शतकातच आहे. हंगेरीचे यानोश स्टार्कर डॅलस, न्यूयॉर्कचे मेट्रोपॉलिटन ऑपेरा आणि शिकागो या तीन वाद्यवृंदांत चेलो-विभागाचे प्रमुख होते. १९५८ मध्ये, चौतिसाव्या वर्षी, हात ऐन भरात असताना, ते इंडियाना विद्यापीठात शिकवायला गेले आणि अर्धशतकाहून अधिक काळ, आयुष्याच्या अखेरपर्यंत, त्याच विद्यापीठाशी जोडलेले राहिले. वादन थांबले म्हणून ते शिकवायला गेले नाहीत. जाऊन त्यांनी वादनही चालू ठेवले, ध्वनिमुद्रणेही केली. ज्याला वाजवता येत नाही तो शिकवतो, या समजुतीचे याहून सरळ खंडन दुसरे नसेल. पण तेही शक्य झाले ते एका विद्यापीठाने एका चेलोवादकाला आयुष्यभर पुरेल अशी जागा दिली म्हणून.

तेव्हा, श्रोतेहो, शिक्षकाची कारकीर्द मोजायची तर माप बदलावे लागेल. त्याने किती मैफली केल्या हे माप त्याचे नव्हे. त्याचे किती शिष्य गाजले हेही पुरते खरे माप नव्हे, कारण गाजणे पुष्कळदा नशिबावर असते. त्याचे शिष्य एकमेकांहून किती वेगळे निघाले आणि त्यांतल्या किती जणांनी पुढे आपल्याहून वेगळे शिष्य घडवले, हे त्याचे माप. आणि संस्थेचे माप त्याहून सोपे आहे. आपल्या गावात संगीतशाळा असेल तर तिच्या वार्षिक समारंभाला टाळ्या वाजवण्याआधी तिच्या चालकांना तीन गोष्टी विचाराव्यात : तुमचे शिक्षक वर्षानुवर्षे टिकतात का, मे महिन्याच्या सुट्टीत त्यांना पगार मिळतो का, आणि एकाचा तास चालू असताना दुसऱ्याला तिथे बसून ऐकता येते का. या तीन प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असतील तर त्या शाळेतून क्लेंगेल निघेलच अशी हमी मी देत नाही. पण उत्तरे नकारार्थी असतील, तर तिथे आलेला क्लेंगेल थांबणार नाही, हे मात्र खात्रीने सांगतो. गुणी शिक्षक जन्माला येणे आपल्या हाती नाही. तो मिळाल्यावर त्याला टिकवणे पूर्णपणे आपल्या हाती आहे. शिक्षकाचे स्मरण म्हणून व्याख्यान ठेवणाऱ्या समाजाने एवढी जबाबदारी घ्यायला हरकत नसावी.